सोनकांबळे मॅडमचा रकाना

परक्याच्या घरी जाऊन, ओळखपाळख नसताना, पहिल्या पाच मिनिटांत न्हाणीपाशी उकिडवं बसून त्या घरची भांडी घासायला घेणारी पीएचडी झालेली बाई मी आधी कधी पाहिली नव्हती, आणि नंतरही पाहिली नाही.

नोकरीचा माझा पहिला दिवस होता. गाव रेणापूरच्या अलीकडचं. मी ओसरीवर फॉर्मचा गठ्ठा मांडीवर घेऊन घरमालकाला नाव, वय, शेती किती असं विचारत होतो. आतून मालकिणीचा घाबरलेला आवाज येत होता, "आवो मॅडम, ठिवा वो ते! लोक काय म्हणतील!" त्यावर दुसरा आवाज, खणखणीत, नांदेडकडचा : "लोकांला म्हणू द्या. तुमी फकस्त राख कुठं हाय ते सांगा."

मालकानं माझ्याकडं पाहिलं. "ह्या कोण?"

"आमच्या मोठ्या मॅडम."

"मंग भांडी का घासून राहिल्या?"

मी मान खाली घालून 'शेती किती' हे दुसऱ्यांदा विचारलं.

आमची संस्था लातुरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या दोन खोल्यांत होती. खाली पोरं नीटची तयारी करायची आणि वर आम्ही दोन जिल्ह्यांतल्या घरांमध्ये स्वयंपाक कशावर होतो, दिवा कशाचा लागतो, याची माहिती गोळा करायचो. कागदावर याला घरगुती ऊर्जा-दारिद्र्य असं भारदस्त नाव होतं. मॅडमना ते नाव आवडायचं नाही. "धूर म्हण की शिंदे," त्या म्हणायच्या. "धूर म्हणलं की बाईला समजतं. दारिद्र्य म्हणलं की ती आत निघून जाते."

मॅडम ठेंगण्या, सावळ्या, चालायला भलत्या वेगवान. मनगटात पुरुषी घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फॉर्म आणि भाजलेल्या शेंगा. एसटीत बसल्या की बस स्टँडच्या बाहेर पडायच्या आत तोंड उघडं टाकून झोपायच्या. गावात उतरल्यावर दिशांचा पार गोंधळ. ज्या गल्लीतून आलो त्याच गल्लीत परत शिरून "हे घर कसं राहिलं बरं?" असं विचारायच्या, आणि मघाशी चहा पाजलेली बाई दारात हसत उभी असायची. खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. आणि लिहायच्या पेन्सिलीनं. पेनानं लिहिलेलं माणसाला स्वतःलाच खरं वाटायला लागतं, हे त्यांचं म्हणणं. मला ते लई शहाणपणाचं वाटलं होतं.

फक्त एक रकाना त्या पेनानं भरायच्या. फॉर्मच्या शेवटच्या पानावरचा, त्यांनी स्वतः घातलेला : 'भांड्याचं बूड : काळं / स्वच्छ'.

त्याचं, आणि भांडी घासण्याचंही, कारण मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. एक बागायतदार. सोफा, टीव्ही, दारात बुलेट. "आमच्याकडं चोवीस तास गॅस," असं त्यांनी मला विचारायच्या आधीच सांगून टाकलं. शेगडीवर विणलेला रुमाल, टाकीला झालरीचं झबलं. मॅडम आत गेल्या आणि हातात एक पातेलं पालथं धरून बाहेर आल्या. बूड कोळशासारखं.

"दादा, हे काय? मेकअप हाय का?"

दाराआड बायको तोंडात पदर कोंबून हसत होती. बागायतदार म्हणाले, "त्याचं काय हाय मॅडम, भाकर चुलीवरचीच गोड लागती."

"तुमाला लागती हो. धुरात बसून थापतं कोण?"

गॅस पाहुण्यांच्या चहापुरता होता, हे मग बायकोनंच सांगितलं. परतीच्या एसटीत झोपायच्या आधी मॅडम मला म्हणाल्या, "ध्यानात ठेव शिंदे. माणसाचं तोंड खोटं बोलंल, भांड्याचं बूड न्हाई बोलत."

पुढं उलटंही झालं. पुण्याची एक संस्था आमच्या माहितीवरून सौर शेगड्या देणार आहे, छपरावर पॅनल, घरात बॅटरी आणि विजेची शेगडी, सगळं फुकट, ही बातमी गावोगाव पसरली. झालं! रातोरात सगळा मुलूख चुलीवर आला. एका घरात मॅडमनी पातेलं उलटं करून पाहिलं, ते स्वच्छ. मग अंगणात गेल्या, कडब्याच्या गंजीकडं बघत उभ्या राहिल्या आणि घरधन्याला म्हणाल्या, "गंजीतनं गॅसचा वास येऊन राहिला." शेगडी आणि टाकी दोन्ही कडब्यातून निघाली. मी इतका हसलो की माझ्या हातातले फॉर्म खाली पडले.

तेव्हापासून नियमच झाला. तोंड एक सांगतंय आणि बूड दुसरं, तर बूड खरं. नुसती चूल दिसून काही ठरत नव्हतं, कारण अंघोळीच्या पाण्यासाठी चूल घरोघर असायचीच. या रकान्यावर मॅडमचा एक लेखही छापून आला. दिल्लीहून कुणी कुणी फोन करून विचारायचे. त्या दाखवायच्या नाहीत, पण तो अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेंगांशेजारी ठेवलेला असायचा. मी चिडवलं की म्हणायच्या, "ओला होऊ नये म्हणून रे." उन्हाळ्यात.

चाकूर तालुक्यातल्या त्या गावात आम्ही गेलो तेव्हा हे सगळं असं होतं. गावाच्या कडेला बौद्ध वस्ती. शेवटून दुसरं घर शांताबाईंचं. पन्नाशीची, वाळकी बाई, दुसऱ्यांच्या रानात रोजानं जाणारी. दर दोन वाक्यांनंतर खोकला. मी बाहेर बसून विचारलं, "स्वयंपाक कशावर?" त्या म्हणाल्या, "चुलीवर." मी लिहिलं.

मॅडम आतून आल्या त्या खुशीत. "जाऊन बघ शिंदे, फळीवरची भांडी बघ. तोंड दिसतंय त्यांच्यात." घासायला एक भांडं शिल्लक नव्हतं म्हणे. मग माझ्या शेजारी बसून हळूच बोलल्या, "टाकी हाय कोपऱ्यात. बुडं लख्ख. गॅस." आणि माझा 'चूल' हा शब्द खोडून त्यांनी पेनानं निकाल लिहिला.

मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. आज वाटतं की वाटायला हवं होतं. पण तेव्हा मॅडमवर माझा पुरा भरवसा होता, त्यांच्यावर शंका घेणं माझ्या डोक्यातही आलं नाही.

काही महिन्यांनी त्या गावात शेगड्या आल्या. छपरांवर पॅनल चढत होते, बाया अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या. मॅडमना मिरवायला आवडायचं नाही, तरी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. वस्तीत मात्र एक-दोन घरं सोडली तर कुणाचंच नाव नव्हतं. शांताबाई आल्या. भांडायला नाही. "जयभीम मॅडम," म्हणाल्या. "आमचं नाव कसं न्हाई?"

मॅडम समजुतीनं बोलल्या, "ताई, ज्यांचं चुलीवर हाय त्यांला आधी. तुमचं गॅसवर होऊन राहिलं ना."

शांताबाई घराकडं वळल्या. "डाळ टाकायची हाय मला. या तुमी. तुमी बी या भाऊ."

आजवर मी सगळीकडं ओसरीवरचा माणूस. त्या दिवशी पहिल्यांदा आत गेलो. घरामागं चार पत्र्यांचा आडोसा, तिथं चूल. तुराट्या धुमसत होत्या, डोळे चुरचुरायला लागले. शांताबाई खाली बसल्या. फळीवरचं एक पातेलं घेतलं, ते खरंच आरशासारखं होतं. शेजारच्या फुटक्या वाटीत राख पाण्यात कालवून ठेवलेली. ती तळव्यावर घेऊन त्यांनी पातेल्याच्या बुडाला आणि बाहेरून वरपर्यंत जाड लेप दिला. मग पातेलं चुलीवर ठेवलं, पाणी ओतलं, डाळ टाकली आणि खोकत खोकत फुंकर घातली.

मॅडम अजिबात हलल्या नाहीत.

"हे रोज करता?" त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"मंग? काजळी लेपावर बसती. घासलं की लेपासंगं निघून जाती." शांताबाईंनी मान वर केली. "काळं भांडं ठिवू का फळीवर?"

"आणि टाकी?"

"पोरीच्या लग्नाच्या येळंला भरली व्हती. मंग न्हाई."

मॅडम बाहेर आल्या. वस्तीतल्या घरा-घरांत गेल्या. मी मागं. प्रत्येक घरामागं चूल, आणि चुलीजवळ वाटीत नाहीतर करवंटीत कालवलेली राख. त्या दिवशी एसटीत मॅडम झोपल्या नाहीत.

ज्या बाया सगळ्यात नेटक्या, ज्यांनी धुराची खूणही घरात राहू दिली नाही, नेमक्या त्याच आमच्या कागदावर सुखी ठरल्या होत्या. आळशी हातांना शेगडी मिळाली आणि राबत्या हातांना नाही. मी घरी जाऊन आईला विचारलं, तू भांड्याला राख लावायचीस का गं? आई म्हणाली, "आन् मंग काय लावायचे, पावडर?" तीस वर्षं त्या माउलीनं माझ्या पाठीमागं बसून हे केलं आणि मी चुलीकडं पाठ करून जेवत राहिलो. मी पुरुष, मला दिसलं नाही हे समजण्यासारखं आहे. मॅडमना कसं दिसलं नाही? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घुमतोय.

ऑफिसात मॅडमनी पुण्याला पत्र लिहून चूक कळवायचं काढलं. आमचे संचालक सर तसे भले माणूस. त्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, त्या वस्तीची नावं आपण पुढच्या खेपेत घालू. गुपचूप. पण पुण्याला पत्र पाठवू नका. एका रकान्यापायी सगळा सर्व्हे खोटा ठरेल. पुढच्या गावांच्या शेगड्या अडकतील."

पुढच्या गावांत रेणापूर तालुक्यातलं माझ्या बहिणीचं सासर होतं. तिनं शेगडी कुठं ठेवायची ती जागासुद्धा सारवून ठेवली होती. मी म्हणालो, "मॅडम, सर बरोबर बोलतायत."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "शिंदे, त्या बाईनं तोंडानं सांगितलं होतं. चूल. तू लिहिलंस. मी खोडलं."

"पण नावं घालूच की आपण."

"एवढीच वस्ती हाय का? बाकीच्या गावांत अशा किती हायत, तुला माहीत हाय का? मला न्हाई. मग गुपचूप कुणाची नावं घालू?"

त्यांनी पत्र पाठवलं. त्यात लिहिलं, 'माझी पद्धत चुकली आहे, मी लोकांचं सांगणं खोडून माझा अंदाज लिहिला आहे, सगळी घरं पुन्हा तपासावीत.' सर म्हणाले होते तसंच झालं. पुण्यानं सगळं थांबवलं. पुन्हा तपासणी होणार, पण नव्या फॉर्मवर, आणि मॅडमचं कंत्राट पुढं वाढणार नाही असं कळवण्यात आलं. मला ठेवलं, कारण मी साधा फॉर्म भरणारा. बहीण माझ्याशी नीट बोलेना. "कुठली बाई ती, सरळ चाललेलं मोडून बसली," असं ती म्हणाली आणि मी मॅडमची बाजू घेतली नाही. मला राग आला होता. पण तो मॅडमवर होता की त्यांनी जे केलं ते मला जमलं नसतं म्हणून स्वतःवर, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

दिवाळीनंतर मी नांदेडला त्यांच्या घरी गेलो. लेबर कॉलनीच्या मागं दोन खोल्या. मॅडम कुठल्याशा कॉलेजात तासांवर शिकवत होत्या. त्यांची आई, ऐंशीच्या घरातली, कानानं तिखट. मी आणि मॅडम हळू आवाजात त्या रकान्याबद्दल बोलत होतो, ते म्हातारीनं पलीकडून ऐकलं.

"बेबे, हे काय म्हून राहिला हा पोरगा? तुला राखंचं म्हाईत नव्हतं?"

मॅडमनी माझ्यापुढं चहाचा कप सरकवला.

"आरं बाबा, सात वर्सांची आसताना म्या शिकवलं हिला. ल्हान्या हातानं अशी झक्कास राख लावायची की बस. काखेत कळसा अन् गावाला वळसा!" म्हातारी खो खो हसली.

मी मॅडमकडं बघत राहिलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"मग?"

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तेच कळंना मला शिंदे. किती महिने झाले, विचार करून राहिले. विसरले म्हणावं, तर असं कसं विसरंल माणूस? हात विसरत न्हाईत." मग थांबून म्हणाल्या, "आमच्याकडं पाणी मागायला कुणी येत नव्हतं. पण चुकून आलंच, तर नाव ठेवायला जागा नको, म्हणून आई भांडी घासायची. काळी भांडी मी पहिल्यांदा बघितली ती गावातल्या मोठ्या घरांत, आईसंगं कामाला जायची तेव्हा. तिथनं डोक्यात बसलं असंल. चूल म्हणजे काळं. अन् आमचं घर?" त्या हसल्यासारख्या झाल्या. "आमच्या घरातली चूल मी मोजलीच न्हाई कधी. स्वच्छ दिसलं की वाटायचं, सुटली ही बाई. बरं वाटायचं मला, शिंदे."

"म्हणजे तुम्हाला हवं तेच दिसलं."

"आसंल. का दुसरंच काही आसंल. मला खरंच न्हाई माहीत."

मला वाईट वाटलं. तिथं सांत्वनाचं काही बोलायला हवं होतं, पण मी चहा पीत राहिलो. ही बाई फार मोठी की गरिबाच्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या इतर साहेबांसारखीच, याचा उलगडा मला परतीच्या सबंध वाटेवर झाला नाही. दोन्ही खरं वाटायचं. लोहा येईपर्यंत एक आणि अहमदपूर येईपर्यंत दुसरं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते चाकूर तालुक्यातल्या त्याच वस्तीत. फेरतपासणीचे फॉर्म माझ्याकडं आले होते. कसं कोण जाणे त्यांना तारीख कळली, आणि मी शांताबाईंच्या दारात पोचलो तर मॅडम आधीच येऊन बसलेल्या. नांदेडहून पहाटेच्या एसटीनं. संस्थेशी आता संबंध नाही, त्यामुळं त्या माझ्या बाजूला बसल्या नाहीत, शांताबाईंच्या बाजूला भुईवर बसल्या. मला संकोच वाटला. त्यांच्यापुढं प्रश्न विचारायचे म्हणजे काय.

"स्वयंपाक कशावर?"

"चुलीवर," शांताबाई म्हणाल्या आणि खोकल्या.

मी लिहिलं. यावेळी आत जाऊन कुणी काही पाहिलं नाही. नव्या फॉर्मवर तो रकाना नव्हता. पण जुना फॉर्म सोबत जोडायचा, चुकलेला मजकूर घरच्या माणसासमोर खोडायचा आणि त्याखाली त्यांची सही घ्यायची, असा पुण्याचा नियम होता. मी जुना कागद काढला.

"त्यात काय लिवलं व्हतं माझ्याबद्दल?" शांताबाईंनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत मॅडमनी हात पुढं केला. अक्षर त्यांचंच होतं, तरी अडखळत वाचलं : "भांडी लख्ख. गॅसवर स्वयंपाक."

बाहेर कुणाचीतरी शेळी ओरडत होती. शांताबाई विचार करत होत्या. मला वाटलं, आता ही बाई बोलणार, आणि बोलायलाच पाहिजे. वर्षभर धूर खाल्ला होता तिनं त्या दोन ओळींमुळं.

"वरचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "ते खोडू नका. खालचं तेवढं खोडा."

मी खालची ओळ खोडली. वरची तशीच ठेवली. मॅडमनी कागद जमिनीवर सरळ केला, शांताबाईंसमोर सरकवला आणि सही कुठं करायची तिथं बोट टेकवलं. शांताबाईंनी माझं पेन घेतलं आणि एकेक अक्षर जुळवत स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं लिहायला घेतलं. बराच वेळ लागला. तेवढा वेळ मॅडमनी बोट तिथून हलवलं नाही.